गुलाबी पत्रिका

मी लूमचा फिटर.
छत्रीवाल्यांच्या शेडमध्ये माझाच पाना चालतो,
कपबशीवाल्यांच्याही.
म्हणून मल्लेशम मास्तर म्हणाले, तूच विचारून बघ,
तुला कुणी खोटं सांगणार नाही.
एवढीच एक चूक केली त्यांनी. बाकी माणूस सरळ.

विणकर सोसायटीचं इलेक्शन. मार्च सरत आलेला,
साखर पेठेतला पत्रा दुपारी हात लावू देत नव्हता.
पांढरी पत्रिका संचालकांची, तीवर पॅनेल.
गुलाबी पत्रिका अध्यक्षाची, तीवर तीन चिन्हं:
छत्री, कपबशी
आणि दोन्हींच्या मधे मास्तरांची कात्री.
"सगळ्यांना जोडणार म्हणता, आणि कात्री?"
अख्खा अशोक चौक हसला. मास्तरही हसले.

कुणीतरी सुचवलं, भाषणात ताणा-बाणा घ्या,
उभा धागा, आडवा धागा, एकच चादर.
म्हणाले, चादर विणणाऱ्यांना चादर शिकवू नये.
त्यांनी नुसता हिशोब वाचला:
सुताचा कोटा कुणाच्या काळात बुडाला,
वीजबिलाचे पैसे कुणी अडकवले,
दोन्ही पॅनेलांचं, तारखेसकट.
टाळी कुठूनच आली नाही.

नीलम नगरात अंबुबाई चिट्याल
सुपावरनं नजर न काढता विड्या वळत म्हणाली,
"माणूस सोन्यासारखा आहे की.
पण छत्रीवाले देतील होय त्याला?
ते देणार असतील तर आम्ही पण देऊ."

त्याच संध्याकाळी गेंट्याल चौकात
छत्रीचा सिद्राम कोळानूर, कांड्या पोत्यात भरत:
"मास्तर चांगलाच. पण कपबशी फुटत नसती.
आमचीच मतं जातील
आणि ते बसतील आमच्या उरावर."

अकरा दिवस. एकशे चाळीस घरं.
सगळ्यांचं मत मास्तरांना
आणि सगळ्यांची अट दुसऱ्यांना.
वहीत मी दोन रकाने आखले होते, होय आणि नाही.
तिसरा नंतर आखावा लागला: आधी ते.
तोच भरला.

रविवारी शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या आडोशाला,
पांढरीवर शिक्का मारला,
बाप मारायचा तिथंच.
गुलाबीवर हात थांबला.
बाप गेला तेव्हा छत्रीवाल्यांनी लाकडं आणली होती,
पैसे विचारले नाहीत, अजून विचारलेले नाहीत.
मास्तर रिकाम्या हातानं आले होते
आणि उजाडेपर्यंत बसले होते.
बाहेरून कुणीतरी म्हणालं, चला, रांग आहे.

शिक्का काय, हलकाच असतो.

फाटकापलीकडं लिंबाखाली मास्तर पाणी पीत होते.
त्यांनी विचारलं नाही.
मीच म्हटलं, मास्तर, झालं.
झालं हा शब्द फार सोयीचा आहे आपल्याकडं.

मोजणी रात्री साडेनऊला संपली.
छत्री नऊशे बारा.
कपबशी आठशे सत्तर.
कात्री एकशे त्रेसष्ट.
छत्रीच्या गळ्यात हार पडला, तो मास्तरांनीच घातला,
मग सायकलचं स्टँड पायानं काढून निघून गेले.
त्यांच्या मडगार्डवर अजून एक कात्री चिकटलेली होती.

सोमवारी शेडमध्ये पट्टा बदलताना मालक म्हणाला,
"कुणाला सांगू नको, मी तर कात्रीलाच दिलं."
समोरच्या शेडमध्ये जॉबर तेच म्हणाला.
चहावाला म्हणाला. सिद्राम तर शपथ घेऊन म्हणाला.
शुक्रवारपर्यंत त्याच जुन्या वहीत
मी नुसत्या रेघा मारत गेलो:
एकशे त्रेसष्टातली चारशे सहा माणसं
मला एकेक करून भेटली.

शनिवारी अंबुबाईच्या दारावरनं चाललो होतो.
तिनं काही विचारलंही नव्हतं.
"अक्का," मी म्हटलं, "मी तर कात्रीला दिलं."
तिनं पहिल्यांदा सुपावरनं नजर काढली,
माझ्याकडं बघितलं, बराच वेळ,
मग पान कातरायला घेतलं.
कात्री तिच्या हातात होती.
तिनं कुणाला दिलं, ते ती कधी बोलली नाही.